बंद करण्याचा इतिहास



इतिहासावर बोला असे चालकांनी सांगितले, तेव्हा आम्ही या पट्ट्यातील कामगार चळवळीचा इतिहास सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. तो विषय आमच्या घरचा आहे, आणि घरच्या विषयावर माणूस फार बोलतो. म्हणून आज दुसराच विषय घेतला आहे. संगणकाच्या पोटात एक क्रिया सेकंदाला हजारो वेळा चाललेली असते: उघडलेली फाईल बंद करणे. ऐकावयास क्षुल्लक वाटते. परंतु ती सुखरूप कशी करावी, याचा निवाडा करावयास जगातील शहाण्या माणसांना पन्नास वर्षे पुरली नाहीत.

पिंपरीच्या युनियनवाल्याने हा नसता उद्योग का करावा, असे आपण विचाराल. हिंजवडी येथून काही फार लांब नाही. आमच्या सभासदांपैकी कितीतरी जणांची मुले आज तेथे जातात. बाप भोसरीला प्रेसवर आणि मुलगा संगणकावर, अशी घरे आता घरोघर आहेत. या मुलांकडून पुस्तके मागून घेऊन, शब्दकोश शेजारी ठेवून आम्ही वाचीत गेलो. वाचता वाचता असे दिसले की बापाच्या कामातला धोका आणि मुलाच्या कामातला धोका एकाच जातीचा आहे. तो काय, हे पुढे येईलच.

ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना जुन्या बँकेतला पितळी बिल्ला आठवत असेल. आपण चेक खिडकीत द्यावयाचा, कारकून तो आत घेऊन आपल्या हाती नंबराचा एक बिल्ला ठेवीत असे. आत कोणत्या वहीत काय लिहिले, कोणत्या टेबलावर कागद फिरला, याचा आपल्याशी संबंध नाही. नंबर पुकारला की पुढे व्हावयाचे. संगणकातही असेच आहे. वर चालणारा कोणताही प्रोग्रॅम स्वतः फायलीला हात लावीत नाही. तो कर्नलकडे अर्ज करतो. हा लष्करातला कर्नल नव्हे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ बीच्या आतला गर, आणि कार्यप्रणालीच्या गाभ्याला हे नाव पडले आहे. कर्नल फाईल उघडतो, तिचे सगळे दप्तर आपल्याजवळ ठेवतो आणि प्रोग्रॅमच्या हाती एक लहानसा आकडा देतो. या आकड्याला फाईल डिस्क्रिप्टर म्हणतात. आपण त्याला बिल्लाच म्हणू. शून्य, एक आणि दोन हे बिल्ले आरंभीच वाटलेले असतात: शून्यावरून वाचावयाचे, एकवर लिहावयाचे, दोनवर तक्रारी लिहावयाच्या. त्यानंतर जो सर्वांत लहान नंबर मोकळा असेल तो पुढच्याला मिळतो. हा नियम ध्यानात असू द्यावा.

आता इतिहास. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची कार्यप्रणाली एका टाकाऊ म्हणता येईल अशा लहान यंत्रावर रचली. नोव्हेंबर १९७१ मध्ये तिची पहिली माहितीपुस्तिका निघाली. तीत उघडण्याची आज्ञा आहे आणि बंद करण्याचीही आहे. या आरंभीच्या दिवसांतील एक गंमत रिची यांनी १९७९ साली लिहून ठेवली आहे. फायलीत आपण कोठवर लिहीत आलो याची खूण, वहीत दोरा ठेवतात तशी, पहिल्याने प्रत्येक चालू कामाच्या स्वतःच्या दप्तरात ठेवलेली असे. पुढे एका कामातून दुसरे काम जन्माला घालण्याची सोय झाली. दोन आज्ञा एकापाठोपाठ एक चालवावयाच्या आणि दोघींचे उत्तर एकाच फायलीत जमा करावयाचे, असा प्रयोग झाला. पहिलीने फायलींची यादी लिहिली, ती व्यवस्थित लिहिली आणि ती निघून गेली. दुसरीने यंत्रावर कोण कोण बसले आहे त्यांची नावे लिहिली. पण तिला मिळालेली खूण अजून पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीवरच होती. तिने पहिलीचे सगळे लिहिणे खोडून त्यावर आपले लिहिले. दोन पाळ्यांनी एकच हजेरीपट वापरावा आणि दुसऱ्या पाळीच्या कारकुनाने पहिल्या पानापासून नावे घालावयास सुरुवात करावी, तसे झाले.

यावर जो उपाय निघाला तोच आपल्या कथेचा पाया आहे. उघड्या फायलींचा एक वेगळा तक्ता त्यांनी कर्नलात केला. खूण कामाच्या दप्तरातून काढून या सामायिक तक्त्यात आणली. साहजिकच एका उघड्या फायलीला आता एकाहून अधिक धनी झाले. बापाने उघडलेली फाईल मुलाच्याही हातात आली, दोघांचे बिल्ले तक्त्यातील एकाच ओळीकडे बोट दाखवू लागले. आणि प्रश्न उभा राहिला की बापाने 'बंद' म्हटले तर काय करावयाचे?

उत्तर साधे आहे. तक्त्यातील प्रत्येक ओळीपुढे, ती किती जणांनी धरली आहे तो आकडा लिहावा. कुणी बंद म्हटले की आकडा एकाने कमी करावा. फाईल खरोखर बंद करावयाची ती आकडा शून्यावर आला म्हणजे. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत ही तजवीज स्पष्ट दिसते. त्यात एका कामाला १५ बिल्ले आणि सबंध यंत्राला १०० ओळींचा तक्ता, एवढाच संसार होता. काम संपून निघाले की कर्नल त्याचे पंधराही खिसे तपासून जे उघडे राहिले असेल ते मिटवीत असे. ऑस्ट्रेलियातील जॉन लायन्स या प्राध्यापकाने हा सुमारे ९,००० ओळींचा सगळा कर्नल छापून, त्याच्यावर ओळीओळीने भाष्य लिहून विद्यार्थ्यांना दिला. पुढे मालक कंपनीने तो शिकविण्यावर बंधने घातली, तेव्हा त्याच्या झेरॉक्स प्रती हातोहात जगभर फिरल्या. राजरोस तो छापला गेला १९९६ साली. ज्ञानाला कुलूप घातले की झेरॉक्सवाल्याचा धंदा चालतो, हे आमच्या करारपत्रांच्या बाबतीतही आम्ही पाहिले आहे. पण ते असो.

आकड्याची ही युक्ती ऐकताना आमच्यापुढे कारखान्यातले कुलूप उभे राहिले. लॉकआउट हा शब्द ऐकला की आम्हा युनियनवाल्यांना टाळेबंदी आठवते, परंतु दुसरे एक लॉकआउट आहे आणि ते जीव वाचविणारे आहे. कामगार त्याला लोटो म्हणतात. यंत्राच्या दुरुस्तीला आत शिरण्यापूर्वी विजेचा मुख्य खटका बंद करावयाचा आणि त्याला कुलूप घालावयाचे. चार माणसे आत जाणार असतील तर खटक्याला अनेक भोकांचा कडीपट्टा लावून चौघांनी आपापले कुलूप घालावयाचे, आणि किल्ली ज्याची त्याच्या खिशात. एकाने बाहेर येऊन आपले कुलूप काढले तरी तीन राहतात, आणि तीन असेपर्यंत खटका वर होत नाही. अमेरिकेने १९८९ साली याचा सरकारी नियम केला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात चालू यंत्राजवळील कामाविषयी २२ वे कलम होते, पण प्रत्येकाचे वेगळे कुलूप ही रीत मोठ्या कारखान्यांतून रुजली ती बरीच पुढे. या पट्ट्यातल्याच एका कारखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) सगळ्या टोळीला मिळून एकच कुलूप होते आणि किल्ली सुपरवायझरकडे. त्याने माणसे मोजली, त्याच्या हिशेबाने सगळी बाहेर आली होती, आणि त्याने खटका वर केला. एक फिटर कन्व्हेअरखाली होता. हेल्परने ओरडा केला म्हणून तो जगला. त्या सुपरवायझरचा हेतू वाईट नव्हता. पण दुसऱ्याच्या हाताची मोजणी तो आपल्या डोक्यात ठेवीत होता, आणि मोजणी ठेवण्याची ती जागा नव्हे.

तेव्हा बंद करण्याचा पहिला नियम असा झाला: ज्याने उघडले त्याने बंद करावे असे नव्हे, तर ज्याने ज्याने धरले त्याने त्याने सोडावे.

सोडण्यात कुचराई झाली तरी घात होतो. युनिक्समध्ये पुढे एका कामाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती देणारी नळी आली, पाइप तिचे नाव. ऐकणाऱ्याला 'बोलणे संपले' हे कळते ते बोलणाऱ्या बाजूचे सगळे बिल्ले परत झाल्यावर. एखाद्याने विसरून एक बिल्ला खिशात ठेवला तर ऐकणारा बिचारा नळीला कान लावून अनंत काळ बसून राहतो. आणि सोडण्याची घाईही नडते. मघाशी ध्यानात ठेवा म्हटलेला नियम आता पाहा. पाच नंबरचा बिल्ला परत केला की तो मोकळा झाला. पुढच्या क्षणी तोच पाच दुसऱ्या फायलीला मिळतो. आता पहिल्याने, आपण नीट बंद केले की नाही या शंकेने, पाच पुन्हा एकदा बंद केला तर तो कुणाचा बंद झाला? दुसऱ्याचा. लिनक्समध्ये तर बंद करण्याची आज्ञा मध्येच व्यत्यय आला असे कळवून परतली, तरी बिल्ला तेव्हाच सुटलेला असतो. पुन्हा प्रयत्न करणारा, अंगी सचोटी असूनही, शेजाऱ्याचे दार लावून घेतो.

लिनक्सचे नाव आले. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ही कार्यप्रणाली लिहावयास घेतली. तिच्यात पुढे अशी सोय झाली की एकाच कामाचे अनेक धागे एकाच वेळी चालावेत आणि सगळ्यांचा बिल्ल्यांचा फळा एकच असावा. पूर्वी बापाचे बिल्ले बापाच्या खिशात व मुलाचे मुलाच्या खिशात होते. आता सगळे एकाच खुंटीवर टांगले. एक धागा पाच नंबरवरून वाचीत बसला आहे आणि दुसरा येऊन पाच बंद करतो. वाचणाऱ्याचे काय करावे?

यावर दोन पंथ झाले. सन कंपनीची सोलारिस ही युनिक्सच्याच कुळातली. पुण्याच्या सी-डॅकने १९९८ साली परम १०००० हा महासंगणक उभा केला तो तिच्यावरच चालत असे, म्हणजे ती आपल्या ओळखीची. सोलारिसची रीत अशी की बंद करणाऱ्याने आतल्यांना हाक द्यावी, 'दार लागते आहे, बाहेर या', आणि ते येईपर्यंत थांबावे. लिनक्सची रीत निराळी. बिल्ला खुंटीवरून काढून घ्यावा म्हणजे नवा कुणी आत जाणार नाही; जो आधीच आत आहे त्याचे काम चालू द्यावे; त्याने आत जाताना मोजणी एकाने वाढवून ठेवलेली असतेच, तो बाहेर आला की ती कमी होईल आणि मग फाईल बंद होईल. २०१५ साली या दोन पंथांत चांगलाच खटका उडाला. सोलारिसवाले म्हणाले, तुमच्याकडे एक धागा दार लावतो आणि दुसरा आत पाहुण्याची वाट पाहत बसून राहतो, हे कसले बंद करणे? लिनक्सवाले म्हणाले, तुमच्या हाकेसाठी प्रत्येक ये-जा करणाऱ्याची नोंद ठेवावी लागते, तो खर्च सगळ्यांनी का सोसावा? आम्ही आयुष्यभर गेटवर उभे राहिलो. गेटबंदीच्या वेळी आतल्या पाळीला बाहेर बोलवावे की तिचे काम संपू द्यावे, यावर आमच्या सभाही अशाच रंगल्या आहेत. आमचे मत विचाराल तर लिनक्सची बाजू आम्हाला बरी वाटते, कारण हाक ऐकू न येणाराही एखादा असतो.

परंतु लिनक्सच्या रीतीत एक क्षण नाजूक आहे. आत जाणारा खुंटीवरचा नंबर पाहतो आणि मग मोजणी वाढवतो. या दोहोंच्या मध्ये, डोळ्याचे पाते लवण्याच्याही आत, दुसऱ्याने बंद करून मोजणी शून्यावर आणली तर? पूर्वी यासाठी फळ्यालाच कुलूप घालीत. एक जण पाहत असता इतरांनी थांबावयाचे. यंत्रात अनेक प्रोसेसर आले तेव्हा या कुलपापुढे रांगा लागू लागल्या. ती रांग मोडण्याचे काम आपल्या देशातल्या माणसाने केले. आयबीएमच्या भारतातील कचेरीत काम करणारे दीपंकर शर्मा यांनी २००५ साली कुलपाशिवाय बिल्ला शोधण्याची पद्धत लिनक्सच्या २.६.१४ या आवृत्तीत घातली. तिचे मर्म दोन गोष्टींत होते. मोजणी शून्य नसेल तरच एकाने वाढवावी. शून्य दिसली तर 'येथे कुणी राहत नाही' असे समजून परतावे. आणि शून्यावर आलेल्या फायलीचे दप्तर लगेच दुसऱ्याला देऊ नये. त्या घटकेला जे जे फळ्याकडे पाहत होते ते सगळे नजर काढीपर्यंत थांबावे. मेलेल्या माणसाची खोली त्याच संध्याकाळी भाड्याने देऊ नये, असे चाळीत म्हणतात त्यातलाच हा प्रकार.

येथवर सगळे ठीक चालले होते. आता वेगाचा मोह येतो. मोजणी वाढविणे व कमी करणे याला वेळ लागतो. फार नव्हे, परंतु सेकंदाला लक्षावधी वेळा करावयाचे म्हटले की तो लागतो. तेव्हा या शतकाच्या आरंभी कर्नलात एक आडवाट काढण्यात आली. बिल्ल्यांचा फळा जर एकाच धाग्याचा असेल, दुसरा कुणी त्याला हात लावणाराच नसेल, तर मोजणी वाढवावयाची कशाला? मी एकटाच आहे, मी आत असताना बंद करणारा दुसरा कोण? २०१२ पासून या वाटेला 'एफडीगेट' असे नाव आहे. बाजूला अटीही लिहून ठेवल्या: कर्नलमधून परतण्यापूर्वी घेतलेले परत करावे, मधल्या काळात ती फाईल बंद करू नये, आणि मधल्या काळात नवा धागा जन्मास घालू नये. आमच्या कारखान्यातही हाच युक्तिवाद झाला होता. फिटर एकटाच आत जाणार असेल तर त्याने स्वतःचे कुलूप घालण्यात पाच मिनिटे का घालवावी, असे व्यवस्थापनाने विचारले होते. हिशेबाने ते खरेच दिसते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात जो फोन आहे तो अँड्रॉइडचा असेल. चाकणच्या चौकात पाळी सुटल्यावर उभे राहिले तर हातोहाती तोच दिसतो. त्याच्या पोटात लिनक्सचा कर्नल आहे. अँड्रॉइडमध्ये एका कामाने दुसऱ्याला निरोप धाडण्यासाठी 'बाइंडर' नावाचा टपालवाला आहे. तो कर्नलातच राहतो. तो निरोपाबरोबर बिल्लेही पोचवितो, आणि निरोप वाचून झाला, पाकीट फेकून दिले, की त्यात आलेले बिल्ले प्रोग्रॅमच्या वतीने स्वतःच बंद करून टाकतो. आता असे समजा की एक बदमाश प्रोग्रॅम आहे. त्याला एकच धागा आहे. त्याने असा घाट घातला की पाकिटातून आलेल्या बिल्ल्यांत एक खुद्द बाइंडरचाच आहे. मग तो त्याच बिल्ल्यावरून बाइंडरकडे जातो आणि म्हणतो, 'हे पाकीट फेकून दे.' कर्नल पाहतो, फळा एकाचाच आहे. तेव्हा आडवाटेने, मोजणी न वाढविता तो आत शिरतो. आत टपालवाला पाकीट फोडतो आणि त्यातला एक एक बिल्ला बंद करीत सुटतो. त्यात ज्या बिल्ल्यावरून हे काम चालले आहे तोही बंद होतो. दुसरा कुणी नाही म्हणून मोजणी केली नव्हती. बंद करणारा तोच एकटा निघाला! आता ही उघडी वस्तू आणखी एखाद्या प्रोग्रॅमने धरलेली असेल आणि नेमक्या त्या वेळी त्याने आपला हात सोडला, तर मोजणी शून्यावर येते, दप्तर मोकळे होते, ती जागा दुसऱ्याला मिळते. पहिला मात्र अजून आतच आहे आणि ते दप्तर आपलेच समजून वाचतो, लिहितो. त्या मोकळ्या जागेत आपल्या सोयीचे कागद आणून ठेवणे ज्याला साधले, तो फोनचा मालक होण्याच्या वाटेवर असतो. कन्व्हेअरखाली माणूस असताना खटका वर झाला तो हा असा.

डिसेंबर २०१८ मध्ये गूगलचे टॉड क्योस यांनी यावरील दुरुस्ती लिहिली. त्यांनी आडवाट बुजवली नाही. ती वेगासाठी हवीच होती. त्यांनी टपालवाल्याची रीत बदलली. त्याने बिल्ला खुंटीवरून काढावा, परंतु काढतानाच त्या फायलीला स्वतःचे एक कुलूप घालावे, म्हणजे मोजणीत एक आपली भर घालावी, आणि ते कुलूप तेथल्या तेथे न काढता हातातले काम पुरे होऊन कर्नलच्या उंबरठ्याबाहेर पाऊल पडताना काढावे. तोवर आतला माणूस बाहेर आलेलाच असतो. उंबरठ्यावर करावयाच्या कामांची अशी एक यादी कर्नलात आधीच होती. २०१२ साली ॲल व्हायरो यांनी शेवटच्या हाताने करावयाची सगळी आवराआवर तिच्यावर टाकली होती. कुणी कोणते कुलूप धरून उभा असेल आणि त्या अवस्थेतच आवराआवर सुरू होऊन गुंता होईल, ही भीती त्यांना होती.

याच व्हायरो यांनी २०२४ साली कर्नलभर हिंडून, आडवाटेने घेतलेला हात प्रत्येक ठिकाणी हाताने सोडावा लागत होता तो प्रकार पुष्कळसा बदलून टाकला. आता ज्या भागात हात घातला त्या भागातून काम बाहेर पडले की तो आपोआप सुटतो. लिहिणाऱ्याने आठवण ठेवावयाची गरज राहत नाही. मधल्या काळात बंद करू नये, ही अट मात्र आपोआप पाळली जात नाही. ती अजूनही संहितेत इंग्रजीत लिहिलेली आहे, आणि क्योस यांनी दुरुस्ती केली त्याच्या कितीतरी आधीपासून ती तेथेच होती.